पातळ अर्क

१२ जानेवारी

भिंगरी,

फोन नको, पत्र लिही, असं तूच म्हणालीस. फोनवर आपण भांडतो आणि मग फोन आधी कोणी ठेवला यावरून पुन्हा भांडतो. म्हणून हे पत्र. यात एक सोय आहे, हात दुखायला लागला की मी आपोआप गप्प बसेन.

तुझं पत्र आईने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मी मधली काही वाक्यं गाळली. तुझ्या विभागातला तो सहकारी काय म्हणतो, त्याला काय वाटतं, तो सूक्ष्मदर्शकात बघताना कसा श्वास रोखून धरतो, या सगळ्यात आईला काय रस असणार? त्याला मी आपला ‘उंच’ म्हणणार आहे. नाव घेतलं की माणूस घरातला वाटायला लागतो.

पण तू फोटो पाठवायला नको होता. आईने तो फ्रीजवर चिकटवलाय. तुम्ही दोघं टेबलापाशी उभे, तुझ्या हातात काचेची बशी, आणि तो वाकून तीत बघतोय. इतका वाकलाय की त्याच्या पाठीची मला काळजी वाटली. आई म्हणाली, “किती उंच आहे रे! याला पंखा पुसायला स्टूल लागत नसेल.” दूध काढायला गेलं की रोज सकाळी याचं दर्शन. मी त्याच्यावर दिनदर्शिका लावली. संध्याकाळी आईने ती काढली.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. आई त्यांना कौतुकाने सांगत होती, “जागा एकच होती. दोघांनी अर्ज केला. सूनबाईंना मिळाली.” काकूंनी विचारलं, “आणि त्याला?” आई म्हणाली, “तो आहे ना घरी.”

मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. एका बिचाऱ्या मुलीचे दोन गुण त्या वाक्यापायी गेले. नंतर परत दिले.

आता कामाचं. तू लिहिलंयस की निलगिरीच्या पानांचा अर्क खूप पातळ केला, तर तो सातूच्या दाण्यातलं विकर कमी करत नाही, उलट वाढवतो. हे तू आणि उंचाने मिळून शोधलंत आणि छापायलाही देताय. इतके हिवाळे आपण दोघांनी शेजारी बसून हाच अर्क हेच दाणे भिजवायला वापरला. अर्काने अमायलेज दबतं, कोंब खुरटतो, आणि वरून जिबरेलिन दिलं की थोडा सावरतो, हे आपण दाखवलं. आपण. त्याच कामावर तुला ही जागा मिळाली. आणि तिथे जाऊन तू पहिली गोष्ट काय केलीस, तर ते अर्धवट ठरवलंस. तेही दुसऱ्याच्या जोडीने.

आईने विचारलं, “नक्की भांडण कशावरून आहे?” मी तिला समजावून सांगितलं. दाणा भिजला की आतला कोंब सालीखालच्या थराला निरोप धाडतो. तो निरोप म्हणजे जिबरेलिन हे संप्रेरक. निरोप मिळाला की तो थर अमायलेज नावाचं विकर तयार करतो. ते विकर पिठाची साखर करतं आणि कोंब ती साखर खाऊन वाढतो. निलगिरीचा अर्क या सगळ्यात खोडा घालतो. आमचं म्हणणं, खोडा घालतो. तिचं आताचं म्हणणं, थोडासा दिला तर मदत करतो.

आई म्हणाली, “मग देऊन बघ की थोडासा.”

बघतोच.

तुझा,
घरी असलेला


४ फेब्रुवारी

अहो शास्त्रज्ञबाई,

बघितलं.

आपल्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये, मागच्या कप्प्यात, आपण शेवटी काढलेल्या अर्काची बाटली अजून होती. तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, तुझं ते लांब शेपटीचं ‘ळ’. ताजा अर्क काढता आला असता, पण मी म्हटलं, हाच घेऊ. जो अर्क आपण दोघांनी मिळून गाळला त्यानेच याचा निकाल लागू दे.

तुम्ही लिहिलंत तेवढा पातळ केला. मग त्याहून पातळ. दाणे भिजवले, ठेचले, गाळले, विकर मोजलं. दाबलेलं. प्रत्येक बशीत दाबलेलं. कोंब बघवत नव्हते, खाली मान घालून बसलेल्या नापास मुलांसारखे. मी तीनही वेळा तेच केलं आणि तीनही वेळा तेच आलं.

खरं सांगू? मी शीळ घालत घरी आलो. आई म्हणाली, “काय रे, कुणाचं लग्न ठरलं?” फ्रीज उघडला, उंचाकडे बघितलं आणि त्याच्यासमोर दूध प्यालो.

एक सांगायचं राहिलं. मी आणखी एक पत्र लिहिलंय, तुला नाही, तुमच्या संचालकबाईंना. त्यात वाईट काही नाही. एवढंच लिहिलं की हा प्रयोग आमच्याकडे तसा येत नाही आणि छापण्याआधी कोणीतरी तटस्थपणे पुन्हा करून बघावा. तुझं नाव मी आदराने घेतलंय. त्याचंही घेतलंय.

आधी तुला कळवायला हवं होतं, असं तू म्हणशील. पण छापायला देताना तू मला विचारलं होतंस का?

थंडी आहे. तुझा राखाडी स्वेटर इथेच राहिलाय. आई घालते.


२५ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. “तिने काय लिहिलंय?” म्हणाली. म्हटलं, “कामाचं आहे.” ती म्हणाली, “मग तुझं तोंड असं का झालंय?”

बाईंनी तुम्हा दोघांना बोलावून सगळ्यांसमोर विचारलं हे वाईट झालं. मला वाटलं होतं, त्या दार लावून विचारतील. तुझी मुदतवाढ त्यांनी अडवून ठेवली, पुन्हा प्रयोग होऊन खरंखोटं ठरेपर्यंत अडवली, हेही मला अपेक्षित नव्हतं. मुदतवाढीचं तू आधी कुठे बोलली होतीस? मला वाटत होतं, तू जूनमध्ये येणार. तुला आणखी तीन वर्षं तिथे राहायचंय हे मला कधी कळलं, तर ते अडकल्यावर. तेव्हा रागवायचं कोणी कोणावर, हे एकदा ठरवू या.

तू लिहिलंस, “तुला नक्की काळजी कसली आहे, विज्ञानाची, माझी की स्वतःची?” हा प्रश्न तू पत्राच्या शेवटी लिहिलास आणि खाली सहीसुद्धा केली नाहीस. मी त्याचं उत्तर आज देत नाही. आज मी रागावलेलो आहे आणि रागात मी बरोबर असतो.

आणि हो, तुझ्या उंचाचंही पत्र आलं. मला वाटलं, चांगला शिव्या घालेल, मग मला उत्तर देता येईल. तर हा माणूस लिहितो, “तुमच्या जुन्या प्रबंधातल्या अर्ध्या दाण्याच्या पद्धतीवर आम्ही इथे सगळं उभं केलंय. तुम्हाला वेगळं उत्तर येतंय तर आमचंच काही चुकत असेल. पानं कोवळी होती की जून? अर्क केव्हा काढलेला होता? कसा ठेवला होता?” वर माझ्या तब्येतीची चौकशी. माणूस सभ्य निघाला. हा आणखी एक मनस्ताप.

ठीक आहे. ताजी पानं आणतो. कुंपणापलीकडचं निलगिरीचं झाड अजून आहे. फांदी खाली ओढायला मात्र आता तू नाहीस, आकडी बांधून काठी करावी लागेल. सगळं नव्याने करतो, त्याच अर्ध्या दाण्याच्या पद्धतीने, म्हणजे कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसेल. मग बोलू.

आईला फक्त एवढंच कळलंय की मुदतवाढ नाही मिळाली तर तू जूनमध्ये घरी येशील. तिने तुझं कपाट आवरायला काढलंय, कपडे उन्हात टाकलेत. मी तिला थांबवलं नाही.


१८ मार्च

प्रिय भिंगरी,

इकडे सगळं ठीक. आईच्या चष्म्याचा नंबर बदलला. नव्या चष्म्यातून तिने मला बघितलं आणि म्हणाली, “अरे, तू केव्हा म्हातारा झालास?”

बाल्कनीच्या कठड्याला रंग दिला. तुला आवडणारा हिरवा नव्हता, दुसरा दिला. कॉलेजात परीक्षा चालू आहेत.

प्रयोग चालू आहे. अजून सांगण्यासारखं काही नाही.

जूनमध्ये उकाडा असेल. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतो.

तुझा


२९ मार्च

भिंगरी,

मागच्या पत्रात पंखा दुरुस्त करून घेतो म्हणालो, ते खरं होतं. सांगण्यासारखं काही नाही म्हणालो, ते खोटं होतं.

ते पत्र लिहिलं तेव्हा निकाल माझ्या टेबलावर होता.

ताजी पानं आणली. अर्क काढला, पातळ केला. काचेच्या बश्यांत स्टार्चचा थर गोठवला. सातूचे दाणे मधोमध कापले, कोंबाचा भाग टाकून दिला आणि उरलेले अर्धे दाणे थरावर पालथे मांडले. कोंबच नाही म्हणजे निरोप धाडणारं कोणी नाही. निरोप आपण द्यायचा. काहींना नुसतं पाणी, काहींना चिमूटभर जिबरेलिन, काहींना जिबरेलिन आणि दाट अर्क, काहींना जिबरेलिन आणि पातळ अर्क. मग आयोडीन ओतलं. हे तुलाच सांगतोय बघ! तूच तर मला पहिल्यांदा ओतायला शिकवलंस, मी सगळीकडे सांडायचो.

स्टार्च निळा होतो. विकराने स्टार्च खाल्ला असेल तिथे निळा होत नाही, दाण्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. पाण्याच्या बशीत काहीच नाही, सगळं निळंशार. जिबरेलिनच्या बशीत मध्यम वर्तुळं. दाट अर्काच्या बशीत नखाएवढी. आणि पातळ अर्काच्या बशीत, भिंगरी, वर्तुळं एकमेकांना भिडली होती.

तुमचं बरोबर आहे. पातळ अर्क वाढवतो.

मी खुर्ची ओढून बसलो. दुपार होती, बाहेर मुलं परीक्षा सुटून ओरडत होती. इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं आणि मला जराही आनंद झाला नाही. मनात पहिला विचार आला तो असा की हे त्या दोघांनी आधी बघितलं. असंच, दोन डोकी एका बशीवर वाकवून.

मग ती जुनी बाटली काढली. झाकणाला केसाएवढा तडा होता. इतके महिने पाणी हळूहळू उडत राहिलं आणि आतला अर्क आटत गेला. वाळवून वजन करून बघितलं. मी ज्याला पातळ म्हणत होतो, तो तुमच्या मानाने चांगलाच दाट होता. बाटलीवर तू पातळीची रेघ मारली होतीस आणि अर्क तिच्या बराच खाली होता. ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दुसऱ्या कोणाच्या प्रयोगात दिसलं असतं, तर मी त्याला हॉलभर लोकांसमोर सोलून काढलं असतं.

आता नीट ऐक. हे फक्त मला माहीत होतं. तुमच्याकडे पुन्हा प्रयोग करणारा माणूस नवखा आहे, त्याचे दाणे बुरशीने गेले, हे तू लिहिलं होतंस. बाई एप्रिलअखेर ठरवणार होत्या. मी गप्प बसलो असतो, तर मुदतवाढ गेली असती आणि तू जूनमध्ये या घरात असतीस. कोणाला कळलं नसतं. मी काही करायचंच नव्हतं, नुसतं पंखा दुरुस्त करून बसायचं होतं.

मी बसलो. किती दिवस ते विचारू नकोस. बशी कपाटात ठेवली आणि रोज उघडून बघत राहिलो.

शेवटी आईला सांगितलं. ती तुझ्या ब्लाउजला बटण लावत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तू बोललास तर ती येणार नाही.”

“हो.”

“आणि नाही बोललास तर येईल.”

“हो.”

तिने दोरा दाताने तोडला. मला वाटलं, आता म्हणेल, नको बोलूस. तिला तू हवी आहेस, माझ्यापेक्षा जास्त हवी आहेस, हे काय मला माहीत नाही? ती म्हणाली, “तिला कळलं तर काय होईल ते सोड. नाही कळलं, तर तू रोज तिच्यासमोर ताटावर बसणार कसा?”

मी म्हटलं, “सवय होईल.”

ती म्हणाली, “त्याचीच तर भीती आहे.” आणि ब्लाउजाची घडी घालून कपाटात नाही, पेटीत ठेवली.

त्याच संध्याकाळी बाईंना लिहिलं. चूक माझी, कारण हे, आकडे हे, बशीचे फोटो हे. सगळ्यांसमोर विचारलं गेलं होतं, तेव्हा हेही सगळ्यांसमोर वाचून दाखवावं, अशी विनंती केली. एक प्रत उंचाला पाठवली. त्याच्या प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने दिली. पानं जून, अर्क जुना, ठेवला वाईट.

आता तुझा सही नसलेला प्रश्न. काळजी कसली होती?

मी इतके महिने उंचावर जळतोय, असं तुला वाटतंय. मलाही तसंच वाटत होतं. पण बशी बघताना कळलं, तो मध्ये आलाच नसता तर मी दुसरा कोणी शोधला असता. बाईंवर जळलो असतो, नाहीतर तुमच्या नव्या सूक्ष्मदर्शकावर. जागेचं पत्र आलं तेव्हा पाकीट मी उघडलं होतं. आत तुझं नाव होतं. मी “वा!” म्हणालो, तुला उचलून गोल फिरवलं, तू हसत होतीस. मी तुझ्यावर जळत होतो, भिंगरी. बायकोवर जळतो हे सांगायला लाज वाटते. परक्या पुरुषावर जळणं कसं सरळ असतं, त्यात थोडा मानही असतो.

अजूनही जळतो. हे पत्र लिहून ते गेलेलं नाही. फक्त आता पत्ता बरोबर आहे.


१० मे

भिंगरी,

तार आल्यासारखं तुझं पत्र. “मुदतवाढ मिळाली. तीन वर्षं. बाईंनी तुझं पत्र वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही.” आणि मग जागा सोडून, खाली, ते दुसरं.

अभिनंदन. हे मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. आता राहू दे तसंच. अर्धं खरं आहे, उरलेलं होईल.

आईला सांगितलं. “बरं झालं,” म्हणाली आणि गच्चीवर गेली. बऱ्याच वेळाने डोळे पुसत खाली आली आणि म्हणाली, वाऱ्याने धूळ गेली. मग शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं, “आमच्या सूनबाईंची मुदत वाढली बरं का!” काकूंनी माझं विचारलं की नाही, ते मी ऐकायला थांबलो नाही.

आता ते दुसरं. तू लिहितेस, पहिल्या वर्षी सरांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, ती जळफळाटाने. मला तर तू ताप आलाय म्हणून सांगितलं होतंस! मी तुझ्यासाठी रोज संत्री आणत होतो. सोलून देत होतो. बिया काढून! आणि तू पांघरुणाखाली माझ्या निबंधावर दात खात ती संत्री खाल्लीस. हे इतकी वर्षं पोटात ठेवून माझ्याशी संसार केलास, धन्य आहे तुझी.

वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. आई विचारायला आली तर सांगता येईना.

तू लिहिलंस, “मला हेव्याची भीती वाटत नाही. तू हसत ‘वा!’ म्हणतोस त्याची वाटते.” तू म्हणतेस ते खरं आहे आणि तुझ्याकडून ते ऐकताना मला पुन्हा तसंच थोडं झालं, की हे वाक्य मला का नाही सुचलं.

कॉलेजकडे मी सुट्टी मागितली. पूर्ण उन्हाळा नाही मिळाली, पण मिळाली. आई तेवढे दिवस ताईकडे जाईल, तिने स्वतःच ठरवलं, मला विचारलंसुद्धा नाही. तिथे राहून पुढे काय करायचं, मी अधूनमधून यायचं की तू, की दोघांनी, हे पत्रात ठरवायचं नाही. भांडू, पण समोरासमोर भांडू. फोन कोणी ठेवला हा प्रश्न तरी येणार नाही.

उंचाने लिहिलंय की अर्धे दाणे कापताना माझा हात त्याला बघायचाय आणि तो मला घ्यायला गाडी घेऊन येईल. त्याला माझे आभार सांग. भल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं, म्हणून ते काम तुझ्यावर सोपवतो. त्याला मी भेटेन, हातही दाखवेन, त्याच्याकडून काही शिकायचं असेल तर दात आवळून शिकेन. पण दुसऱ्या दिवशी.

बाविसला सकाळी पोचतो. घ्यायला एकटी ये. पहिला दिवस मला पाहिजे.

तुझा